सुट्टे

पहिल्या दिवशी तिनं दोनशेची नोट दिली.
सत्तावीस कापून मी एकशे बहात्तर हातावर ठेवले
आणि वर एक चॉकलेट.
ती ते उलटंपालटं करून बघत राहिली,
जणू कुठंतरी त्यावर सिंहाचं चित्र असेल.
मोडक्या हिंदीत म्हणाली, "हे मी मागितलं नाही."
म्हटलं, पोरी, हा रुपया आहे.

पुढच्या आठवड्यात दोन चॉकलेटं घेऊन आली,
गल्ल्यावर ठेवली.
"एक काडेपेटी."
मागं उभा दादू गवळी दुधाच्या किटलीसकट हसला.
मी काडेपेटी दिली.
न्याय म्हणजे न्याय.

नाव हिवोत. इथिओपियाची.
विद्यापीठात मातीवर पीएच.डी. करते.
सागरमाळाला हे नाव काही झेपलं नाही,
महिन्याभरात तिची हिवाळे मॅडम झाली.

तिची एक निळी वही होती.
दहाचं नाणं कुठला रिक्षावाला घेत नाही,
चिकटपट्टीची नोट कुणाकडं खपते,
"येतो" म्हणून माणूस जातो तो का,
सगळं तिच्या गोल गोल अक्षरांत.
चप्पल लाईनीत मालकानं अकराशे सांगितले,
तिनं अकराशेच दिले.
त्यालाच कसंतरी झालं,
मागनं हाक मारून दोनशे परत केले.
वहीत त्याच्यापुढं नुसतं प्रश्नचिन्ह.

खानावळीत पांढरा रस्सा तिसऱ्यांदा आला
तेव्हा तिनं वाटीवर हात झाकला,
घाबरून.
बिल किती झालं असेल, हा हिशोब डोळ्यांत.
वाढपी म्हणाला, "रश्श्याला कोण पैसे लावतंय व्हय?"

माझा सुदर्शन तिकडं स्टुटगार्टला.
मित्राकडं जेवून आला, अंथरुणावर पडला,
तर मोबाईलवर मागणी :
कोशिंबिरीचे दोन युरो चाळीस.
हे मी हिवोतला सांगितलं.
दोघी पोट धरून हसलो,
मग कोणीच काही बोललं नाही बराच वेळ.
मी उगीच बरण्या पुसल्या.

मंगळवारी दुकानामागं आमची भिशी. बारा जणी.
चिठ्ठ्यांचा डबा हलवला आणि ही दारात.
पहिल्यांदाच तिनं काही विचारलं नाही.
"इकूब," म्हणाली, आणि चपला काढून आत आली.
तिची आई चालवते म्हणे, दसे गावात.
कॉफीचा तिसरा कप झाल्याशिवाय चिठ्ठी निघत नाही.
कोण रुसणार, कोणाला आधी गरज,
कोण हप्ता चुकवून तोंड लपवणार,
सगळं तिला आधीच माहीत.
म्हटलं, ये तू पण, पण तेरावी होशील,
वर्षात बसायची नाहीस.
ती म्हणाली, "आमच्या वर्षाला महिनेच तेरा."

रेश्मा मुल्लाणीच्या लग्नात पाकीट भरताना अडली.
शंभरावर हा एक कशाला?
सांगितलं, शंभर म्हणजे हिशोब मिटला.
एक वर टाकला की येणंजाणं राहतं.
ती थोडा वेळ गप्प.
मग, "काकी, तुम्ही माझा एक रुपया ठेवून घेता, ते पण हेच?"
चाळीस वर्षं दुकान चालवते मी,
ह्याला उत्तर नव्हतं माझ्याकडं.

आता तिच्या फोनमध्ये पैसे आहेत.
कोड दाखवला की गल्ल्यावरचं डबडं ओरडतं,
पैशाला पैसा जुळतो,
चॉकलेटची बरणी दिवाळीपासून तशीच गच्च.

काल साखर, चहापूड, साबण नेलं.
सत्त्याण्णव झाले.
डबडं ओरडलं : अठ्ठ्याण्णव रुपये प्राप्त झाले.
अगं, एक जास्त आला!
बरणीत हात घालून मी बाहेर आले,
तोवर ती रस्त्यापलीकडं.
"हिवाळे!"
मागं न बघता तिनं हात हलवला.
"असू दे वो काकी."

तिचं मराठी अजून लंगडतं.
पण ते "असू दे"
अगदी पक्कं इथलं होतं.